शंभर किलो ओलांडलेला रायडर आणि हलकी चाकं

वाचकांचे प्रश्न, सायकलवाल्याची उत्तरं

प्रश्न : नमस्कार सर. मी साताऱ्याचा, वय ३८, उंची सहा फूट, वजन ११२ किलो (कमी करतोय, पण तो वेगळा विषय). २९ इंची हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) आहे, चाकं कंपनीने दिली तीच, ३२ तारांची. शनिवार-रविवार यवतेश्वर चढून कासच्या दिशेने जातो आणि येताना जमेल तिथे कच्च्या वाटेने उतरतो. वर्षभरात मागच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या. दर वेळी एक तार बदलून आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून घेतो आणि महिन्याभरात चाक परत डुलायला लागतं. ग्रुपमधला मित्र म्हणतो सरळ कार्बन घे, हलकं पण होईल आणि मजबूत पण. सायकलवाले काका म्हणतात तुमच्या वजनाला हलकं-बिलकं विसरा, ३६ तारांचं जाडजूड चाक बसवून देतो. चढाला चाक जड जातं हे मात्र खरंय. बजेट तीसेक हजार. हलकं आणि टिकाऊ दोन्ही एकत्र मिळतं का?

उत्तर : मिळतं, आणि तुम्हाला तर इतरांपेक्षा सोपं आहे, कारण तुमची आत्ताची चाकं स्वस्त पडावीत म्हणून जड झालीयत, मजबुतीसाठी कोणी त्यात वजन घातलेलं नाही. साधारण हिशोब सांगतो, तुमच्या सायकलचा आकडा थोडा इकडेतिकडे होईल. या वर्गातल्या २९ च्या सायकलला एकेक रिम साडेसहाशे-सातशे ग्रॅमची असते, पुढचा हब (चाकाचा मधला गाभा, ज्यात तारा अडकवतात) तीनशेच्या आसपास, मागचा पाचशेच्या वर, ६४ साध्या तारा म्हणजे साडेचारशे ग्रॅम आणि वर पितळी निप्पल (तार रिमला घट्ट करणारी छोटी नळी). झाले पावणेतीन किलोच्या जवळपास, अजून टायर, ट्यूब, कॅसेट (मागच्या गिअरच्या चक्र्या), ब्रेकची डिस्क काहीच धरलेलं नाही. मग घडी न होणारे, आत लोखंडी तार असलेले टायर आठशे-नऊशे ग्रॅमचे आणि ट्यूब दोनशे-सव्वादोनशेची, म्हणजे दोन चाकांचे हे आणखी दोन किलोच्या वर. बॅग मोजायचा लटकता काटा घरात असेल तर एकदा चाक काढून टांगून बघाच, मागचं चाक उचलतानाच कळतं काय भानगड आहे ते.

आता ह्यातलं कुठलं वजन काढायचं आणि कुठलं ठेवायचं हा खरा प्रश्न, आणि इथेच लोक गंडतात. हलकं चाक म्हटलं की तारा कमी, रिम बारीक असं डोक्यात येतं आणि ६५ किलोच्या रेसरसाठी बनवलेली दीड किलोची जोडी कोणीतरी सेलमध्ये उचलतो. तुमच्या वजनाला रिम आणि तारा ह्या जागा कंजुषी करायच्या नाहीत. टायर, ट्यूब आणि हब इथून वजन निघतं, आणि ते निघाल्याने चाक जराही कमजोर होत नाही.

पण आधी तारा का तुटतात ते बघू, नाहीतर नवीन चाकाच्या पण तुटतील. तुटलेली तार टाकून दिली नसेल तर शोधा आणि तुटली कुठे ते बघा. हबकडच्या वळलेल्या टोकाशी तुटली असेल तर ती थकून तुटलीय. निप्पलच्या आट्यांपाशी तुटली असेल तर बहुतेक वेळा तार निप्पलमध्ये तिरकी जात होती. आणि मधेच ओरखडे पडून तुटली असेल तर चेन कधीतरी मोठ्या चक्रीच्या मागे पडून तारांना घासून गेलीय, तिथे चाकाचा दोष नाही, डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवतो तो) लिमिट स्क्रू नीट लावून घ्यायला हवा. तुमच्या वर्णनावरून मला पहिला प्रकार वाटतो.

थकून म्हणजे कसं, तर चाक फिरताना जमिनीला टेकलेल्या भागातल्या तारांचा ताण प्रत्येक फेरीला थोडा उतरतो आणि वर गेल्या की परत चढतो. ताण पुरेसा असेल तर हा चढउतार तार आरामात सहन करते. ताण आधीच कमी असेल तर वजनदार माणसाच्या खाली तार क्षणभर पूर्ण ढिली पडते, वळलेलं टोक हबच्या भोकात हलतं, निप्पल आपोआप उलटं फिरायला लागतं आणि पत्र्याची पट्टी मागेपुढे वाकवून तोडतो तशी ती तार एक दिवस तुटते. म्हणजे गंमत अशी की तारा जास्त ओढल्यामुळे तुटतात असं सगळ्यांना वाटतं, पण बहुतेक वेळा ढिल्या राहिल्यामुळेच तुटतात. मागच्या चाकाला तर कॅसेटला जागा करायला हबची उजवी कड आत सरकवलेली असते, त्यामुळे रिम मधोमध ठेवायला उजव्या तारा घट्ट आणि डाव्या त्यांच्या निम्म्या-पाऊण ताणावर अशी वाटणी होते. डाव्या बाजूच्या तारा आधी ढिल्या पडतात आणि चाक डुलायला लागतं. एक तार बदलून आउट काढला की चाक सरळ दिसतं, पण सरळ दिसणं आणि ताण सारखा असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय एकाच बाजूच्या तीन गेल्या असतील तर त्यांच्या शेजारणी पण तेवढ्याच थकलेल्या आहेत, त्या रांगेत उभ्याच आहेत म्हणा.

म्हणून तारा. साधी तार सगळीकडे २ मिलिमीटर जाड असते. डबल बटेड तार दोन्ही टोकांना २ आणि मधे १.८ असते. मधला भाग बारीक म्हणून लोक घाबरतात, पण तुटते ती टोकाला, मधे नाही, आणि मधला भाग बारीक असल्यामुळे तार थोडी जास्त ताणली जाते, खड्ड्याचा धक्का आजूबाजूच्या तारांमध्ये वाटला जातो, टोकावरचा मार कमी होतो. ६४ तारांमागे पन्नास-साठ ग्रॅम वाचतात ते वेगळंच. म्हणजे हलकी तार जास्त टिकते, अशी उलटी गोष्ट सायकलमध्ये फार कमी ठिकाणी बघायला मिळते. डीटी स्विस कंपनीची कॉम्पिटिशन किंवा सापिम कंपनीची रेस घ्या, दोन्ही तेवढ्याच चांगल्या. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला हबकडचं टोक जाड असलेली तार मिळाली (डीटी स्विसची अल्पाइन ३, टोकाला २.३४ मिमी, किंवा सापिमची फोर्स, २.१८) तर सोन्याहून पिवळं, फक्त हबच्या भोकात ती बसते का ते आधी विचारा. मधे १.५ मिमी वाल्या तारा मात्र तुमच्यासाठी नाहीत, मागच्या चाकाला तर अजिबातच नाहीत, चाक वळणावर कडेला लवतं आणि घट्ट करताना तार पिळली जाते.

निप्पल पितळीच ठेवा. ॲल्युमिनियमची घेतली तर दोन चाकांमागे चाळीसेक ग्रॅम वाचतात, पण पावसाळ्यातला कासचा चिखल आणि ट्यूबलेस टायरमधून झिरपलेलं सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) ह्यात ती गंजून जाम होतात, मग आउट काढायला गेलं की गोल होऊन बसतात. चाळीस ग्रॅम म्हणजे एका केळ्याच्या निम्मेही नाहीत हो.

रिमबद्दल. सव्वापाचशे ते सहाशे ग्रॅमची, आतून ३० मिमी रुंद, ट्यूबलेसला चालणारी ॲल्युमिनियमची रिम बघा. डीटी स्विसचं उदाहरण घेतलं तर ट्रेलसाठीची एक्सएम ४८१ आणि जास्त मार खाणारी, वजनाने थोडी जड ईएक्स ५११, दोन्ही आतून ३० मिमीच. मी तुमच्या जागी पुढे पहिली आणि मागे दुसरी लावली असती. पुढे-मागे सारखंच असायला पाहिजे असा काही नियम नाही, सायकलवर बसल्यावर साधारण साठ टक्के वजन मागच्या चाकावर असतं, तुमचे साठ टक्के म्हणजे माझ्या बायकोच्या अख्ख्या वजनापेक्षा जास्त. (हे तिला वाचून दाखवू नका.) म्हणून पुढे हलकं, मागे दणकट हे सरळ गणित आहे. दुसऱ्या कंपनीच्या रिममध्ये तारांची भोकं मध्यापासून दोन-तीन मिमी बाजूला असलेली असिमेट्रिक मिळाली तर मागच्यासाठी बेधडक घ्या, वर म्हटलेला डावा-उजवा ताणाचा फरक त्याने कमी होतो. एक बघून घ्या, तुमच्या जुन्या फ्रेममध्ये रुंद टायरला जागा आहे का. २.२५ च्या वर टायर घासत असेल तर २५ मिमी रिम बास झाली.

काकांचा ३६ तारांचा सल्ला चुकीचा नाही, जुन्या पद्धतीचा आहे इतकंच. मागे ३६ चा चांगला हब आणि तशी रिम मिळत असेल तर जरूर करा, चार तारांचं वजन किती, पंचवीस-तीस ग्रॅम. अडचण ही आहे की आजकाल चांगल्या २९ च्या रिम आणि हब बहुतेक २८ आणि ३२ मध्येच येतात, ३६ शोधत बसलात तर परत त्याच जाडजूड स्वस्त मालाकडे याल. नीट बांधलेलं ३२ तारांचं चाक तुमचं वजन आरामात उचलेल. ढिसाळ बांधलेलं ३६ चं उचलणार नाही.

हबमध्ये आधी तुमच्या फ्रेमचं माप बघा नाहीतर पैसे वाया. क्विक रिलीज (खटका उघडून चाक निघतं ते) असेल तर पुढे १०० मागे १३५ मिमी, थ्रू ॲक्सल (जाड दांडा आरपार जातो ते) असेल तर मागे १४२ किंवा बूस्ट, म्हणजे जास्त रुंद हब, असेल तर १४८. बूस्ट असेल तर नशीबवान, हबच्या कडा लांब लांब असल्याने चाक आपोआप जास्त भक्कम होतं. डिस्क सहा स्क्रूची की सेंटरलॉक तेही बघा. कॅसेट ८ ते ११ स्पीडची शिमानो असेल तर नेहमीची एचजी बॉडी (हबचा कॅसेट बसते तो भाग), १२ ची शिमानो असेल तर मायक्रो स्प्लाइन ही वेगळ्या खाचांची बॉडी लागते. (स्वस्तातल्या काही १२ च्या कॅसेट जुन्या एचजीवरच बसतात, म्हणून डोळ्यांनी बघून खात्री करा.) वजनदार माणूस सगळ्यात मोठ्या चक्रीवर उभा राहून पॅडल मारतो तेव्हा फ्रीहबच्या (पॅडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा हबचा भाग) आतल्या खिट्ट्यांवर जो पीळ पडतो तो भयंकर असतो, स्वस्त हब तिथेच कट्टकन सुटतो आणि गुडघा हँडलला आपटतो. डिओरच्या पातळीचा शिमानो हब घेतलात तर छर्रे आणि कोन उघडून कुठलाही जाणकार मेकॅनिक ग्रीस करून देईल, सातारा-कोल्हापूरकडे ही मोठी सोय आहे. थोडे जास्त पैसे टाकता आले तर डीटी स्विसचा ३५०, त्याच्यात खिट्ट्या नसून दोन दातेरी चकत्या एकमेकींत पूर्ण गुंततात, पीळ सगळ्या दातांवर वाटला जातो. ५४ दातांची चकती लावून दे म्हणून कोणी भरीला घालेल, आवाज भारी येतो, पण दात बारीक होतात. तुम्ही ३६ दातांच्या चकतीवर थांबा.

एवढं करून हिशोब काय होतो? रिम दोन मिळून साडेअकराशे, डिओरसारखे हब सहाशेच्या आसपास, तारा-निप्पल साडेचारशे, म्हणजे चाकं झाली २.२ किलो. अर्धा किलो इथे वाचला. घडीचे टायर आणि ट्यूबऐवजी सीलंट केलं की तिथून आणखी दोन-तीनशे ग्रॅम. मागचा टायर मात्र जाड कडेचाच घ्या, तिथे शंभर ग्रॅम परत गेले तरी जाऊ देत. एकूण सातशे-आठशे ग्रॅम कमी, आणि चाक आधीपेक्षा कितीतरी दणकट. दोन किलोच्या खाली जायचा नाद तीस हजारात करू नका.

आता थोडं थंड पाणी. तुम्ही आणि सायकल मिळून १२७ किलो धरले तर आठशे ग्रॅम म्हणजे पाऊण टक्कापण नाही. तासाभराच्या चढाला वीस-पंचवीस सेकंद वाचतील. कडेचं वजन वेग घेताना साधारण दुप्पट जाणवतं हे खरं, म्हणून ट्रेलवर वळण काढून परत उचलताना, दगडावरून चाक चढवताना सायकल चपळ झाल्यासारखी नक्की वाटेल. पण यवतेश्वरला एका लयीत चढताना दुप्पट-बिप्पट काही नसतं. तिथे चाक जड वाटतं त्यात निम्मा हात टायरच्या कमी हवेचा आणि खडबडीत नक्षीचा असतो, हे डांबरावर एकदा ताडून बघा.

कार्बनचं थोडक्यात. चांगली ट्रेलची कार्बन रिम ॲल्युमिनियमपेक्षा शंभरेक ग्रॅमने हलकी, म्हणजे जोडीमागे दोनशे. तुमच्या बजेटमध्ये जी बसेल ती कोणाची, तिचं वजनाचं लिमिट काय, तडकली तर बदलून कोण देणार, हे तीन प्रश्न मित्राला विचारा. ॲल्युमिनियमच्या रिमला दगड लागला तर चेपते, पक्कडीने सरळ करून घरी येता येतं.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बांधणारा हात. पार्ट्स चांगले घेऊन बांधणी स्वस्तात करणं म्हणजे पैसे पाण्यात. पुणे, मुंबईत हाताने चाक बांधणारे मिळतात, त्यांना सरळ विचारा की टेन्शन मीटर आहे का, आणि उजव्या बाजूचा ताण किती ठेवणार. रिमवर अवलंबून साधारण १०० ते १२० किलोफोर्स ऐकू आलं पाहिजे. एका बाजूच्या सगळ्या तारा एकमेकींच्या दहा टक्क्यांच्या आत असतील तर माणूस पक्का आहे. बांधून झाल्यावर तो शेजारच्या समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबतो का बघा. दाबताना चाक कटकट वाजतं, त्या पिळलेल्या तारा सुटतायत आणि वळलेली टोकं हबवर नीट बसतायत. हे न करता दिलेलं चाक तुम्ही पहिल्याच उतारावर वाजवणार आणि तिथेच ते आउट होणार. शंभर-दीडशे किलोमीटर चालवून एकदा परत दाखवायला न्या, त्यानंतर वर्ष वर्ष बघावं लागत नाही. आणि दोन्ही बाजूंच्या तारांची लांबी लिहून घेऊन प्रत्येकी दोन जादा तारा घरात ठेवा, दोन्हीकडची लांबी सारखी नसते.

हो, आणि गतिरोधकावर बसून राहू नका हो! ढुंगण उचललं, गुडघे-कोपरं सैल सोडली की ११२ किलोतले बरेचसे किलो चाकाला लागतच नाहीत.

प्रश्न : दादा, मी अकोल्यात इंजिनिअरिंगला आहे, वजन ९५. सेकंडहँड एमटीबी घेतलीय, चाकं ट्यूबलेस रेडी आहेत असं आधीच्या मालकाने सांगितलं, टायर २९ x २.३५. आमच्याकडे बाभळीचे काटे म्हणजे विचारू नका, आठवड्याला पंक्चर. ट्यूबलेस करू का? आणि हवा किती ठेवू, मी सगळीकडे ५० पीएसआय ठेवतो कारण कमी ठेवली की रिम बसेल अशी भीती वाटते.

उत्तर : ट्यूबलेस कर, डोळे मिटून कर. बाभळीच्या काट्यावर ह्यापेक्षा चांगला उपाय निघालेला नाही, काटा रुतला तरी सीलंट भोक बुजवतं आणि तुला घरी आल्यावर कळतं. आधी टायर काढून बघ, आत पट्टी कुठली आहे. नुसती रबरी पट्टी असेल तर चालणार नाही, ट्यूबलेसची चिकटपट्टी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-चार मिमी रुंद घ्यायची आणि ओढून ताणून लावायची, खाली हवेचा बुडबुडा राहिला तर सीलंट तिथूनच तारांच्या भोकात उतरतं. प्रत्येक टायरमध्ये १०० ते १२० मिलि. बाटलीवर लिहिलेल्या महिन्यांवर जाऊ नकोस, ते थंड देशातले महिने आहेत. अकोल्याच्या मे महिन्यात सीलंट आत वाळून रबराची गोळी होते, उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी चाक कानाशी धरून हलव, खळखळ ऐकू आली नाही तर भर. सायकल गच्चीवर उन्हात उभी करत असशील तर आधी ते बंद कर.

हवा ५० म्हणजे दगड झाला रे. टायर उडतो, पकड जाते, आणि प्रत्येक धक्का थेट तारांना जातो. तुझ्या वजनाला २.३५ च्या टायरमध्ये ट्यूबलेस असताना पुढे २३-२४ आणि मागे २७-२८ पीएसआयपासून सुरुवात कर. ट्यूब असेपर्यंत त्यात चार-पाच जास्त, नाहीतर रिमच्या दोन्ही कडा ट्यूबला चावतात आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. रिम दगडाला टणकन लागल्याचा आवाज एका राइडमध्ये दोन-तीनदा आला तर दोन पीएसआय वाढव, एकदाही आला नाही तर एक कमी करून बघ. पंपाच्या घड्याळावर विश्वास नको, ते खालच्या आकड्यांना हमखास खोटं बोलतं, छोटा डिजिटल गेज घे. मागच्या टायरमध्ये फोमचा इन्सर्ट (रिमला दगडापासून वाचवणारा आतला पट्टा) टाकायचा विचार खडकाळ ठिकाणी नेहमी जाणार असशील तरच कर, अकोल्याच्या काळ्या मातीत त्याची गरज नाही.

बारीक प्रेस्टा व्हॉल्व असेल तर पितळी ॲडॅप्टर खिशात ठेव, पेट्रोल पंपावर हवा भरता येते आणि टायर पहिल्यांदा रिमवर बसवायला तिथला जोरच कामी येतो.

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा, सध्या जर्मनीत श्टुटगार्टला असतो. वजन १०५ किलो, सायकल फुल सस्पेन्शन, १५ किलोची. नवीन चाकांच्या माहितीत कमाल सिस्टीम वेट १२० किलो असं लिहिलंय. मी १०५ म्हणजे चालेल ना? का इ-बाइकची चाकं घेऊ?

उत्तर : सिस्टीम वेट म्हणजे तुम्ही एकटे नाही. तुम्ही, सायकल, हेल्मेट, बूट, पाठीवरची सॅक, पाणी, खिशातलं अवजार, सगळं मिळून. १०५ आणि १५ इथेच १२० भरले, कपडे घातल्यावर तुम्ही बाहेर. त्यामुळे ही चाकं नकोत, वॉरंटीच्या भांडणात पहिला प्रश्न हाच येईल.

इ-एमटीबीची चाकं हा चांगला विचार आहे आणि फार लोकांना सुचत नाही. सायकलच बावीस-चोवीस किलोची असते म्हणून ती चाकं जास्त वजनाला बनवतात, डीटी स्विसच्या हायब्रिड मालिकेला १५० किलोचं लिमिट आहे, फ्रीहब पण मोटरचा पीळ सोसेल असा. वजन साध्या ट्रेलच्या चाकांपेक्षा थोडं जास्त, पण तुम्ही आत्ता जे वापरताय त्याच्याहून जड असतीलच असं नाही, काट्यावर टाकून बघा. त्याच्या जोडीला एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा वापराचा प्रकार बघा, १ ते ५ असा असतो. ३ म्हणजे खडबडीत ट्रेल आणि साधारण ६० सेंटिमीटरच्या आतल्या उड्या, ४ म्हणजे १२० सेंटिमीटरपर्यंत. फुल सस्पेन्शनवर तुम्ही ४ चंच घ्या, तुम्ही उड्या मारत नाही असं म्हणाल, पण त्या सायकलवर बसलं की सगळेच मारतात. तसंही तुमच्या राज्यात दोन मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकलला बंदी आहे, जिथे खास परवानगीचे ट्रेल आहेत तिथेच जाणार, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी उड्या असतातच.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा, अंगाने भरलेला, ९८ किलो. कोल्हापुरात कॉलेजला सायकलने जातो आणि रविवारी मित्रांबरोबर पन्हाळ्याला. सायकल साधी २६ इंची, मागे ७ गिअर. मागचं चाक सारखं डुगडुगतं, दुकानदार म्हणतो चाक अख्खं बदला, आधी एकदा बदललं तरी चार महिन्यांत तेच. त्याला आता सायकलचा कंटाळा येईल अशी भीती वाटते. खर्च फार झेपणार नाही.

उत्तर : ताई, चाक उलटं करून हाताने फिरवा आणि मधला दांडा, म्हणजे ॲक्सल, गोल फिरतोय की लचकत फिरतोय ते बघा. माझा अंदाज आहे तो वाकलाय. ह्या सायकलींना मागे आट्यांवर घट्ट बसणारं फ्रीव्हील असतं, त्यात उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या अलीकडे, चाकाच्या मध्याकडे राहतात आणि त्यांच्या पुढे दांड्याचा बराच भाग आधाराशिवाय लोंबकळतो. हलक्या मुलाला चालतं, ९८ किलोचा पोरगा खड्ड्यातून गेला की वाकतो, कधी तुटतोही. दुकानदाराने परत तसलंच चाक बसवलं म्हणून चार महिन्यांत तेच झालं, त्यात मुलाच्या वजनाची काही चूक नाही, हे त्यालाही सांगा.

म्हणून बदलायचं तर चाक नको, प्रकार बदला. फ्रीहबवालं मागचं चाक मागा, त्यात छर्रे पार टोकाला असतात आणि दांड्याला आधार मिळतो. शिमानोचा साधा ८-९ स्पीडचा हब, २६ ची डबल वॉल रिम, ३६ तारा, पितळी निप्पल, बास. त्यावर ७ गिअरची कॅसेट बसते, फक्त मागे साडेचार मिलिमीटरची एक रिंग टाकावी लागते, म्हणजे गिअरचा खटका बदलायचा खर्च वाचला. कॅसेट मात्र नवी लागेल, जुनं फ्रीव्हील त्याच्यावर बसत नाही, दुकानदार बसतं म्हणाला तर दुसरं दुकान बघा. ब्रेक डिस्कचा आहे की रबराचा हे सांगून मगच चाक मागवा. पुढच्या चाकाला हात लावू नका.

चाक ताब्यात घेताना मीटर-बिटर काही लागत नाही. उजव्या बाजूच्या तारा एकेक करून नखाने छेडायच्या, मग डाव्या बाजूच्या. एका बाजूच्या सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा, डावीकडचा थोडा खालच्या पट्टीतला असतो, ते बरोबर आहे. मधेच एखादी भदभद वाजली तर तिथल्या तिथे दाखवा आणि घट्ट करून घ्या. पन्हाळ्याच्या दोन चकरा झाल्या की परत न्या, ही दुसरी वेळ मजुरीत धरलेली आहे का ते पैसे देण्याआधीच ठरवून घ्या.